फ्रान्सच्या खेड्यांतून सायकलने: ल्वारचा सपाट काठ की लॉत-दोर्दोन्यचे चढ?

आसावरी_नाशिक (१४ मे)

नमस्कार मंडळी. मी आणि माझे यजमान, वय ५३ आणि ५७. गेली सहा वर्षं दर रविवारी त्र्यंबक रोड किंवा गंगापूर धरणाच्या बाजूला ६०-७० किमी होतात. लेक तुलूजला शिकते. सप्टेंबरात तिच्याकडे जातोय आणि त्यातले नऊ दिवस आम्हा दोघांचे, सायकलवरचे. सायकली तिकडेच भाड्याने घेऊ.

आम्हाला पॅरिस नको, आल्प्सचे घाट नकोत. शांत रस्ता, जुनी दगडी गावं, नदी आणि रात्री टेकायला स्वच्छ खोली, एवढंच हवंय. सगळे ल्वार नदीचा सायकलमार्ग सुचवतात. लेक म्हणते, तुलूजच्या उत्तरेला लॉत आणि दोर्दोन्य नद्यांची खोरी आहेत, तिकडे जा. तिथे चढ आहेत म्हणे. आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं. ज्यांनी प्रत्यक्ष चालवली आहे त्यांनी सांगा, कुठे जावं?

निळीसायकल (१४ मे)

ल्वार. डोळे झाकून. जवळजवळ ९०० किमीचा मार्ग, नव्हेरजवळून थेट अटलांटिकपर्यंत, पाट्या इतक्या चोख की नकाशा काढावाच लागत नाही. 'आक्यय व्हेलो' अशी पाटी असलेल्या घरांत सायकल आत ठेवायला जागा आणि किरकोळ दुरुस्तीची हत्यारं मिळतात. खोऱ्याचा मोठा पट्टा २००० सालापासून जागतिक वारशात आहे. पहिल्याच सहलीत चढ कशाला?

डोंगरवाट (१४ मे)

निळीसायकल, पाट्या चोख आहेत हे मान्य. पण ताईंनी 'शांत रस्ता आणि जुनी गावं' मागितलीत. ल्वारवर राजवाडे आहेत, आणि राजवाड्यांपाशी बसगाड्या. गावांसाठी लॉतचं खोरं. मी २०१८ मध्ये फिजाक ते काओर केलंय. सेले नावाची छोटी नदी आहे, तिच्या काठाने डी ४१ हा रस्ता जातो. एका बाजूला चुनखडीचे कडे, दुसऱ्या बाजूला मक्याची शेतं आणि अक्रोडाची झाडं. सकाळी नऊ ते साडेदहा मला तीन गाड्या भेटल्या. तिसरी पोस्टाची होती.

खादाडखाऊ (१४ मे)

शाकाहारींनी आधी हे वाचा. दोर्दोन्य म्हणजे बदकांचा मुलूख. सार्लाच्या नावाने प्रसिद्ध असलेला बटाटा असतो, लसूण-पार्सली घालून परतलेला. वास इतका सुंदर की विचारायचं राहूनच जातं, आणि तो परततात बदकाच्या चरबीत. तेव्हा आधी विचारा.

खायचं काय? रोकामादूर नावाचं बकरीचं चीज. चपटी चकती, आपल्या पेढ्यापेक्षा थोडी मोठी. पावावर ठेवून गरम करतात आणि पालेभाजीवर मांडतात. वर अक्रोड. सायकल चालवून आल्यावर याहून चांगलं जेवण मला फ्रान्समध्ये मिळालेलं नाही. चीजमधलं रेनेट (वासरा-करडांच्या जठरातून काढलेलं विरजण) चालत नसेल तर मात्र ऑम्लेट आणि सूप. सूपमध्येही मांसाचा स्टॉक असतो, तेही विचारून घ्या.

तुलूजची_मावशी (१५ मे)

मी इथे अकरा वर्षं राहते. जेवणाचं एक घड्याळ आहे, ते पाळलं नाही तर उपाशी राहाल. दुपारी बारा ते दोन, बस. सव्वादोनला दारात गेलात तर आचारी हात पुसत बाहेर येईल, हसेल आणि नाही म्हणेल. त्याच वेळात किराण्याची दुकानं बंद. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी लहान गावात काहीच उघडं नसतं. म्हणून सकाळी पाववाल्याकडे पहिलं काम: एक 'बागेत' (लांब फ्रेंच पाव), दोन फळं, पाण्याच्या बाटल्या. मुक्कामाच्या घरी रात्रीचं जेवण मिळेल का हे खोली घेतानाच विचारा.

आणि दुकानात शिरताना आधी 'बोंजूर' म्हणा. हे सगळ्यात महत्त्वाचं. ते न म्हणता थेट प्रश्न विचारला की समोरच्याला तो उद्धटपणा वाटतो. ही नुसती वरवरची रीत नव्हे, इथली माणसं ते मनापासून जपतात.

मुळामुठा (१५ मे)

बारा ते दोन बंद! पुणेकराला माहेरी गेल्यासारखं वाटेल.

सुहास_नागपूर (१५ मे)

मुळामुठा, पुण्यात एक ते चार. फ्रान्सवाले त्यामानाने कष्टाळू निघाले. :)

कालव्याकाठी (१५ मे)

तुलूजहूनच निघायचं तर कानाल द्यु मिदी का नाही? १६८१ मध्ये पूर्ण झालेला कालवा, २४० किमी, थेट भूमध्य समुद्रापर्यंत. झाडांची सावली, चढ नाहीतच.

डोंगरवाट (१५ मे)

कालव्याकाठी, पहिले पन्नासेक किमी, नोरूझच्या खिंडीपर्यंत, डांबरी आहे आणि छान आहे. पुढे अनेक ठिकाणी वाट मातीची, झाडांच्या मुळांनी उचकटलेली. २८ मिमीच्या टायरवर मनगटं दुखून येतात. सावलीचंही सांगतो. कालव्याकाठच्या प्लेन (चिनारच्या जातीच्या) झाडांना बुरशीचा रोग लागलाय, २००६ पासून हजारो झाडं तोडावी लागली. नवी लावलीत, पण ती अजून लहान आहेत. एक दिवस लेकीबरोबर नोरूझपर्यंत जाऊन यायला मात्र उत्तम.

बीआरएमवाला (१६ मे)

मी २०१९ ची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही लांब पल्ल्याची सायकल-राइड केली आहे. १२०० किमी, ९० तासांची मुदत, अकरा-बारा हजार मीटर चढ. त्या वर्षी भारतातून तीनशेहून जास्त जण होते, त्यात पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूरची बरीच मंडळी. आम्ही ज्या ब्रितानी प्रांतातून गेलो तो भाग ताईंच्या वाटेवर नाही, पण गावांबद्दल लिहायचंय.

रात्री दोन वाजता, बाहेर पाच-सहा डिग्री, मी झोपेने अर्धा मिटलेला. एका वस्तीत घरासमोर टेबल मांडलेलं. म्हातारे आजी-आजोबा अंगावर ब्लँकेट घेऊन बसलेले. कॉफी, गरम क्रेप, पाणी. पैसे काढले तर आजोबांनी माझी मूठ मिटवून दिली. व्हिलेन-ला-ज्युएल या गावात नियंत्रण चौकी होती, तिथे जेवणाची थाळी घेऊन टेबलापर्यंत सोबत येतात ती गावातली शाळकरी पोरं. माझ्याबरोबरचा मुलगा आठ-नऊ वर्षांचा असेल. थाळी ठेवून गेला नाही, मी पहिला घास घेईपर्यंत उभा राहिला.

ही राइड पहिल्यांदा १८९१ मध्ये झाली. जिंकला शार्ल तेराँ, ७१ तास २२ मिनिटांत, आणि त्याच्या चाकांना मिशेलँ कंपनीचे तेव्हा नवेच आलेले हवेचे टायर होते. मला वाटतं, रस्त्यावरून सायकलवाला जाणं ही तिथे चार पिढ्यांपासून घरची गोष्ट आहे. मागून येणारा ट्रक हॉर्न न वाजवता तुमच्या मागे थांबतो. वळण संपलं, समोरचं दिसलं, की पूर्ण पलीकडच्या बाजूने जातो. कायदाच आहे, गावाबाहेर दीड मीटर अंतर ठेवायचं. पहिल्या दिवशी मी सारखा मागे वळून बघत होतो, हा अजून पुढे का जात नाही म्हणून.

चैत्रपालवी (१६ मे)

बीआरएमवाला, त्या पोराचं वाचून गलबलून आलं. वेगळा धागा काढा ना प्लीज.

निळीसायकल (१६ मे)

लिहिलंय सुरेखच. पण १२०० किमी करणाऱ्याचे चढ आणि रविवारच्या सायकलवाल्यांचे चढ यांत फरक आहे. ताई, सामान लादलेल्या सायकलवर आठ टक्क्यांचा चढ गुडघे काढतो.

बीआरएमवाला (१६ मे)

अगदी योग्य मुद्दा. म्हणून नकाशा. मोबाइल असू द्या, पण मिशेलँचा कागदी घ्या, १ सेंमीला १.५ किमी असा. लाल रस्ते टाळा, पिवळे चालतील, पांढरे आपले. कडेने हिरवी रेघ असेल तर देखणा रस्ता. चढावर छोटे बाण असतात आणि ते चढाच्या दिशेने टोक करून असतात. एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून जास्त. तीन बाण दिसले की दुसरा रस्ता शोधा. नदीकाठच्या रस्त्यावर बाण क्वचितच दिसतील. चढ लागतो तो नदी सोडून वरच्या पठारावर जाताना.

आणि सायकल भाड्याने घेताना गिअर बघा. पुढची लहान चकती ३४ दात्यांची आणि मागची सर्वात मोठी निदान ३४ दात्यांची असेल तर निम्मी काळजी मिटली.

रानवारा (१७ मे)

विद्युत सायकल घ्या आणि मोकळ्या व्हा. काकांचे गुडघेही खूश.

आसावरी_नाशिक (१७ मे)

रानवारा, सुचवलंत त्याबद्दल आभार. विचार केला, पण यजमान ठाम आहेत: चालवायची तर पायांनी. मीही त्यांच्या बाजूची आहे.

मन लॉतकडे झुकतंय. तीन शंका. पठारावर पाणी कुठे भरायचं? रस्त्याचे कोणते नियम आपल्याला ठाऊक नसतात? आणि सामान?

तुलूजची_मावशी (१७ मे)

पाणी: दफनभूमी. दचकू नका. प्रत्येक गावाच्या कडेला असते, आणि फुलांना घालायला तिथे नळ असतो. इथले सायकलवाले पिढ्यान्‌पिढ्या तिथेच बाटल्या भरतात. फक्त 'नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर पिऊ नका. आत शांतपणे जा, हेल्मेट काढा, कोणी असेल तर बोंजूर.

नियम: 'प्रियोरिते आ द्र्वात'. गावात पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला पहिला हक्क, मग तो गल्लीतून आलेला का असेना. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची पिवळी पाटी दिसली की मुख्य रस्त्याचा हक्क तुमचा, तिच्यावर काळी तिरकी रेघ आली की तो संपला. कानात इयरफोन घालून चालवणं २०१५ पासून बेकायदा आहे. गावाबाहेर अंधारात किंवा धुक्यात चमकणारं जाकीट सक्तीचं आहे, आणि सप्टेंबरात नदीकाठी सकाळी धुकं असतंच. शिवाय त्याच महिन्यात शिकारीचा मोसम सुरू होतो. रविवारी रानात बंदुकांचे आवाज येतात, तेव्हा जाकीट दिवसाही घाला.

सुहास_नागपूर (१७ मे)

उजवीकडच्या नियमाला दुजोरा. आम्ही चौघे मित्र बर्गंडी प्रांतात होतो. एका गल्लीतून ट्रॅक्टर आला, मी आपल्या सवयीने पुढे काढली. ट्रॅक्टरवाल्याने करकचून ब्रेक मारला, उतरला, आणि ओरडला नाही. चौकाकडे बोट दाखवून दोन मिनिटं हातवाऱ्यांनी मला नियम समजावला. तो चौक मी अजून विसरलेलो नाही.

बर्गंडीही विचारात घ्या हं कोणीतरी. जिव्री ते क्लुनी हा जुन्या रेल्वेमार्गावरचा सायकलरस्ता १९९७ मध्ये सुरू झाला, फ्रान्समधला तो पहिलाच. क्लुनीचा मठ ९१० सालचा. त्याचं चर्च रोमचं सेंट पीटर होईपर्यंत ख्रिस्ती जगात सर्वात मोठं होतं, क्रांतीनंतर लोकांनी दगडासाठी पाडलं, आज एक बाहू उभा आहे. क्लुनीच्या दक्षिणेला दीड किलोमीटरहून लांब बोगदा आहे, ब्वा-क्लेरचा. हिवाळ्यात तो सायकलींना बंद. कारण आत वटवाघळं झोपलेली असतात.

चैत्रपालवी (१७ मे)

वटवाघळांच्या झोपेसाठी रस्ता बंद. किती छान.

पायवाट (१८ मे)

सामानाचं सांगते. फिजाक ते काओर हा स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या जुन्या ख्रिस्ती यात्रामार्गाचा भाग आहे, आणि सेलेचं खोरं ही त्याचीच एक पोटवाट. त्यामुळे चालणाऱ्यांच्या बॅगा एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी नेऊन देणाऱ्या गाड्या तिथे रोज फिरतात. सायकलवाल्यांच्याही नेतात. दोन दिवस आधी फोन करायचा. मी त्या वाटेवर चालले आहे. आपली वारीच आठवत होती सारखी.

डोंगरवाट (१८ मे)

पायवाट, वारीची तुलना मला पटत नाही. वारीत माणूस दिंडीत विरघळतो, टाळ-मृदंग, अभंग, हजारो पावलं. तिथे मी भेटलो ते सगळे एकेकटे, गप्प. संध्याकाळी एका टेबलावर जेवतात, सकाळी पुन्हा एकटे.

पायवाट (१८ मे)

डोंगरवाट, चाल वेगळी आहे, खरंच. मी म्हणत होते ते गावाबद्दल. वारी आली की घराघरांतून पाणी-भाकरी पुढे येते. लिमोन्यच्या पुढे एका फाटकाशी कोणीतरी टोपलीत अंजिरं ठेवली होती, चालणाऱ्यांसाठी. घर दिसतही नव्हतं. ते मला देहू-आळंदीच्या वाटेवरचंच वाटलं.

डोंगरवाट (१८ मे)

अंजिरांपुढे बोलणं खुंटलं. मान्य.

शिलालेख (१९ मे)

एक सुचवणी आणि एक अवांतर.

सुचवणी: लास्को ही आदिमानवाच्या चित्रांची गुहा ऐकून माहीत असेल. ती गुहा १९६३ पासून लोकांना बंद आहे, दाखवतात ती हुबेहूब प्रतिकृती. पण काब्रेरे गावाच्या वर पेश मेर्ल ही तशीच गुहा आहे, तिथे खऱ्या गुहेत जाता येतं. १९२२ मध्ये गावातल्या पोरांनी शोधली. ठिपक्यांचे दोन घोडे, सुमारे २९ हजार वर्षांपूर्वीचे, आणि भोवती काढणाऱ्याच्या हाताचे ठसे. दिवसाला ७०० जणांनाच सोडतात, आधी जागा राखून ठेवा. गुहेपर्यंतचा चढ छोटा पण खडा आहे. फिजाकमध्ये शांपोलियोंचं घर बघा. इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा तो तिथला, जन्म १७९०. घरामागच्या चौकात रोझेटा शिळेची जमिनीवर अंथरलेली प्रचंड प्रतिकृती आहे, तिच्यावरून चालता येतं.

अवांतर: मी दोन वर्षांपूर्वी उत्तरेला, लीलहून नव्ह-शापेलला सायकलने गेलो. बीट आणि बटाट्याची सपाट शेतं, समोरून वारा. तिथे पहिल्या महायुद्धात पडलेल्या हिंदी सैनिकांचं स्मारक आहे, १९२७ चं. गोल भिंत, कमळ कोरलेला उंच स्तंभ, आणि ज्यांची कबर नाही अशा ४,७०० हून जास्त जणांची नावं. मार्च १९१५ मध्ये तिथे लढाई झाली. मी सायकल लावून अर्धा तास नावं वाचत होतो. नोंदवहीत त्या दिवशी आधी एकाच घराण्याची सही होती, पंजाबहून आलेल्या. तेव्हा ताई, प्रत्येक खेड्याच्या चौकात त्यांच्या मृतांचा स्तंभ दिसेल, तिथे मिनिटभर थांबा. एकच आडनाव तीन-चारदा आलेलं असतं.

मुळामुठा (१९ मे)

शिलालेख, फार मोलाचं लिहिलंत. वाचनखूण साठवली.

निळीसायकल (२० मे)

मी हरलो बहुतेक. ताई, एकच मागणं. दिवसाला चाळीस किमीच्या वर ठेवू नका. गावं बघायची तर उतरावं लागतं.

आसावरी_नाशिक (२१ मे)

निळीसायकल, तुमचा सल्ला पहिला लिहून घेतलाय. आल्यावर सांगते.

आसावरी_नाशिक (९ ऑक्टोबर)

मंडळी, जाऊन आलो. नऊ दिवस, २९० किमी, एक पंक्चर.

तुलूजहून रेल्वेने फिजाक. लोकल गाडीत सायकली टांगायला जागा होती, पैसे पडले नाहीत. तिथून डी ४१. डोंगरवाट, तुमच्या तीन गाड्या ऐकून आम्ही मोजल्या, आम्हाला सात भेटल्या. एस्पान्याकला लाकडी चौकटीच्या घंटाघराखाली दोन तास बसलो. मार्सियाकच्या पडक्या मठात शिरलो तर छप्पर नसलेल्या भागात गवत उगवलेलं आणि एक मांजर. पेश मेर्लमध्ये हाताच्या ठशांसमोर यजमानांनी आपला हात हवेत तसाच उचलला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

सँ-सिर्क-लापोपी लॉतच्या शंभर मीटर वर कड्यावर आहे. तो चढ मी अर्धा चालत केला आणि त्याचं काही वाटलं नाही. दुपारी तिथे गर्दी होती. निळीसायकलने ल्वारबद्दल बोलताना हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं, की सुंदर गाव कुठलंही असो, दुपारी गर्दीच. आम्ही तिथेच मुक्काम केला. सहानंतर गाड्या गेल्या, आणि सकाळी सातला खाली नदीवर धुकं आणि वर फक्त छपरं. ते बघायला रात्र राहायलाच हवं.

काओरच्या व्हालांत्रे पुलावर सैतानाची गोष्ट लेकीने फोनवर सांगितली. पूल बांधताना कारागिराने सैतानाशी करार केला आणि त्यालाच फसवलं, म्हणून एका बुरुजाचा दगड रोज रात्री निसटायचा. १८७९ च्या दुरुस्तीत त्या कोपऱ्यात दगड उपटणारा छोटा सैतान कोरून बसवलाय. मान दुखेपर्यंत शोधला, सापडला.

काओर ते गुर्दों हा दिवस कठीण गेला. पठार, ऊन, आणि सोमवार. मावशींचं न ऐकण्याचा प्रश्नच नव्हता, पाव बरोबर होता. पाणी संपलं ते दफनभूमीत भरलं. आत एक आजी कबरीवरची पानं वेचत होत्या. मी बोंजूर म्हटलं, त्यांनी नळाकडे बोट दाखवलं, मग हातातली झारी खाली ठेवून नळ घट्ट होता तो स्वतः सोडून दिला. कुठून आलात विचारलं. 'ॲंद' (भारत) म्हटल्यावर सायकलींकडे बघून त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले.

मग दोर्दोन्यचं खोरं: दोम, ला रोक-गाजाक, सार्ला. नदीच्या एका काठावर बेनाकचा किल्ला, समोर कास्तेलनोचा. शंभर वर्षांच्या युद्धात एक फ्रेंचांकडे आणि दुसरा बराच काळ इंग्रजांकडे. दोन्ही एकमेकांना दिसतात. सह्याद्रीत किल्ले बघणाऱ्याला ते लगेच कळतं. सार्लाहून जुन्या रेल्वेमार्गावरच्या सपाट रस्त्याने सुयाकच्या दिशेला आलो, तिथून रेल्वेने तुलूज. चढांनंतर तो शेवटचा सपाट दिवस फार सुखाचा होता, तेव्हा निळीसायकल, तुमचंही म्हणणं खरं ठरलं.

स्तंभ बघितले, शिलालेख. कुठल्याच गावात चुकवला नाही.

खादाडखाऊ (९ ऑक्टोबर)

ताई, बटाटा?

आसावरी_नाशिक (९ ऑक्टोबर)

विचारलं. बदकाचीच चरबी होती. बाईंनी आमच्यासाठी अक्रोडाच्या तेलात वेगळा करून आणला.

सुहास_नागपूर (१० ऑक्टोबर)

आम्ही चौघे पुढच्या मे महिन्यात जायचं म्हणतोय, याच वाटेने. मुक्कामांची यादी व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? आणि मिशेलँचा नकाशा कुठे मिळाला?

आसावरी_नाशिक (१० ऑक्टोबर)

यादी पाठवली. नकाशा फिजाकच्या पुस्तकाच्या दुकानात मिळाला, पण विकत घेऊ नका, आमचाच कुरियरने पाठवते. काओरच्या घडीवर कॉफी सांडली आहे, डी ४१ मात्र स्वच्छ दिसतो. आणि जिथे पाण्याचा नळ सापडला तिथे यजमानांनी पेन्सिलीने टिंबं केली आहेत. तुम्हाला आणखी सापडले तर तुम्हीही करा, आणि पुढच्याला द्या.